औटकी, छडी आणि दोन तऱ्हेची मुलं

साडेतीनचा पाढा आता कुणी पाठ करत नाही. औटकी म्हणत त्याला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, ही सगळी पलटण पंतोजींच्या शाळेत मुलांकडून घोकून घेतली जाई. हौसेखातर नव्हे. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, मणाचे 40 शेर. साडेतीन आणे शेर भावाने सहा शेर गूळ घेतला, तर 21 आणे, म्हणजे एक रुपया पाच आणे, हे गिऱ्हाइकाने पिशवी उचलायच्या आत सांगता आलं पाहिजे. माझे आजोबा लोणंदला अडतीवर दिवाणजी होते. त्यांची भाकरी औटकीवरच होती म्हणा ना!

म्हणून घरी दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा. आम्ही भावंडं ओळीने बसून, डुलत, ओरडत पाढे म्हणायचो. माझा धाकटा भाऊ शाळेत घडीभर एका जागी ठरत नसे, बेरजेत हातचा विसरे आणि मार खाई. परवच्यात मात्र तो सगळ्यांच्या पुढे. अंग हलवायची मुभा, ताल, मोठा आवाज, त्याला हवं ते सगळं तिथे होतं. चुलतबहीण शांत. पाढे तिलाही यायचे. पण अठरा मोठे की एकवीस, असं विचारलं की ती नुसती तोंडाकडे बघत राही. सगळ्यांच्या आवाजात तिचा आवाज मिसळून जाई, त्यामुळे तिचं घोडं नेमकं कुठे अडतंय ते कुणाला कळलंच नाही.

पुढे मी प्राथमिक शाळेत शिकवू लागले आणि ही दोन्ही मुलं मला वर्गावर्गांत भेटत राहिली. परवच्याचे गोडवे गाणारे भेटले की मी त्यांना हेच सांगते. चित्त न टिकणाऱ्या पोराला त्याने हात दिला, हे खरं. ज्याला संख्येचा अंदाजच येत नाही, त्याला मात्र त्याने झाकून ठेवलं. आणि सापडलं की दोघांनाही औषध एकच: छडी, अंगठे धरणं आणि ‘ढ’ हा शिक्का.

दुखणी मात्र दोन होती. 1937 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या 30 मुलांना बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. जवळजवळ निम्म्यांचा अभ्यास आठवड्याभरात सुधारला. मुलंच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला लागली. गणित होतं तेच होतं, मन थाऱ्यावर आलं होतं. माझ्या भावाची गत ही. बहिणीची वेगळी. बुद्धी चांगली असूनही फक्त गणितात अडणाऱ्या मुलांचा अभ्यास ब्रातिस्लाव्हाच्या लाडिस्लाव कोश्च यांनी केला आणि 1974 च्या लेखात या अडचणीची, म्हणजे डिसकॅल्क्युलियाची, नीट मांडणी केली. काही मुलांच्या वाट्याला दोन्ही येतं, तो भाग निराळा.

तोवर औटकी गेली होती. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, मागोमाग किलो आला, अपूर्णांकांच्या पाढ्यांचं कामच उरलं नाही. मार तेवढा राहिला.

1996 पासून महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली: जादा वेळ, आणि डिसकॅल्क्युलिया असेल तर दहावीच्या बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि जोडीला कार्यानुभवाचा एक विषय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला बंदी केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद झाली. कागदावर सगळं आलं. पण बहुतेक पालक प्रमाणपत्रासाठी धावतात ते दहावीच्या तोंडावर. तेव्हा सवलत मिळते, शिकायची वर्षं निघून गेलेली असतात.

तेव्हा दुसरी-तिसरीतल्या मुलाकडून पाढे जरूर म्हणवून घ्या, पण एकट्याकडून. मग चिंचोक्यांचे दोन ढीग पुढे ठेवून जास्त कुठे, ते विचारा. पुन्हापुन्हा अडलं, तर रागावू नका. त्याच वर्षी तज्ज्ञाकडे घेऊन जा.