बडविलेला बैल आणि दारची कुत्री

बीदर जिल्ह्यातील भालकी-औरादकडे आणि शेजारच्या उदगीर भागात देवणी जातीचे बैल नावाजलेले आहेत. गोऱ्हा जुवाखाली येण्याच्या सुमारास तो बडविणे, हे तेथील शेतकऱ्याचे पिढीजात काम. पुढे पशुवैद्याचा चिमटा आला, एवढाच फरक. त्यात कोणाला पाप दिसले नाही. परंतु दारच्या कुत्रीवर शस्त्रक्रिया करावी असे सुचविताच हाच शेतकरी कानांवर हात ठेवतो. मुक्या जिवाचा वंश कसा खुंटवावा? मग कुत्री विते, आणि पिले पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडली जातात. मांजरीचेही तेच. ही दया कसली, ते त्या पिलांना विचारावे!

शहरांनी या प्रश्नाचे उत्तर काठीने दिले. मुंबईत 1832 साली एका बेवारशी कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. लोभापायी पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. त्यामुळे 6 जून रोजी पारशी मंडळींनी शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. हिंदू आणि जैनही त्यात सामील झाले. दंगल शमली, पण कुत्री मारण्याचे धोरण पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकले. त्याने संख्या मात्र हटली नाही, कारण एक गल्ली मोकळी झाली की शेजारची कुत्री तेथे शिरतात.

मद्रासच्या ‘ब्लू क्रॉस’ संस्थेने 1964 सालीच निर्बीजीकरणाचा मार्ग सुचविला होता. तेथील महापालिकेला तो 1996 मध्ये पटला. मुंबईने 1994 मध्ये मारणे थांबविले. केंद्राचे नियम 2001 साली आले. 2023 च्या नव्या नियमांनी पाळीव कुत्र्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली. घरचे कुत्रे हे घरचेच काम ठरले, हे योग्यच झाले.

कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ 2004 च्या कायद्याने स्थापन झाले, ते बीदरलाच. बैलाचा चिमटा जाणणारा पशुवैद्यच कुत्रीचे बीजकोश व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया शिकतो. पोटावर लहानसा छेद, मग टाके. आठ-दहा दिवसांत जखम भरते. हे सारे भूल देऊन होते. दावणीजवळ पाडलेल्या बैलाला ती कोणी दिली नव्हती.