बांधकाम व्यवसायाची वार्षिक उद्दिष्टे : ठरवावीत कशी, मोजावीत कशी?

मार्चअखेर जवळ आली की लहान-मोठ्या बांधकाम व्यावसायिकांच्या कार्यालयांत एकच लगबग सुरू होते. बिले, कर, बँकेचे हप्ते, ठेकेदारांची देणी यांचा ताळमेळ घातला जातो. वर्षभरात किती बांधकाम झाले, किती सदनिका विकल्या गेल्या, हाती नफा किती उरला, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. मात्र, गेल्या वर्षीपेक्षा काम अधिक चांगले झाले का, याचे उत्तर ताळेबंदात सापडत नाही. किती गिलावा फोडून पुन्हा करावा लागला, किती स्लॅब ठरल्या दिवशी भरले गेले, परांचीवरून कोणी पडता पडता वाचले का, याची नोंद अनेक ठिकाणी ठेवलीच जात नाही. नोंदच नसेल, तर पुढील वर्षाचे उद्दिष्ट कोणत्या आधारावर ठरविणार, हा खरा प्रश्न आहे.

‘यंदा दर्जा वाढवू’, ‘यंदा ताबा वेळेवर देऊ’ हे संकल्प झाले. त्यांना उद्दिष्ट म्हणता येणार नाही. उद्दिष्टाला चार अंगे असावी लागतात. आज आपण कोठे आहोत, वर्षअखेर कोठे पोहोचायचे आहे, त्याची जबाबदारी कोणाची आणि ते मोजायचे कशाने? व्यवस्थापनशास्त्रात ही कल्पना नवी नाही. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टाधारित व्यवस्थापनाचा विचार मांडला. उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे आणि मुदतीचे असावे, हा आज सर्वपरिचित असलेला निकष जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये सूत्ररूपाने मांडला. कारखान्यांनी तो लवकर आत्मसात केला. बांधकामात मात्र प्रत्येक इमारत वेगळी, जागा वेगळी आणि कामगारांची टोळीही वेगळी असते. त्यामुळे ‘आमच्याकडे मोजमाप जमत नाही’ अशी समजूत दीर्घकाळ टिकून राहिली.

ब्रिटनचा अनुभव

या समजुतीला सर्वांत मोठे आव्हान ब्रिटनमध्ये दिले गेले. जॅग्वार मोटार कंपनीचे नेतृत्व केलेले आणि त्या वेळी विमानतळ कंपनी ‘बीएए’चे मुख्य कार्यकारी असलेले सर जॉन एगन यांच्या अध्यक्षतेखाली तेथील सरकारने एक कृतिगट नेमला. त्याचा ‘रिथिंकिंग कन्स्ट्रक्शन’ हा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. विविध देशांतील अभ्यासांचा हवाला देऊन त्यात म्हटले होते, की बांधकामातील सुमारे ३० टक्क्यांपर्यंत काम हे पुन्हा केलेले काम असते, मजुरांच्या क्षमतेचा ४० ते ६० टक्केच उपयोग होतो आणि किमान १० टक्के साहित्य वाया जाते.

एगन गटाने केवळ टीका केली नाही. दरवर्षी गाठावयाची उद्दिष्टेही आकड्यांत दिली. बांधकामाचा खर्च व कालावधी प्रत्येकी १० टक्क्यांनी कमी करावा, दोष व अपघात प्रत्येकी २० टक्क्यांनी घटवावेत, ठरल्या वेळेत व ठरल्या खर्चात पूर्ण होणाऱ्या प्रकल्पांचे प्रमाण २० टक्क्यांनी वाढवावे, उत्पादकता तसेच उलाढाल व नफा यांत १० टक्के वाढ साधावी, अशी ही सात वार्षिक उद्दिष्टे होती.

पुढे काय झाले, हे अधिक उद्बोधक आहे. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, खुद्द एगन यांनी या उद्योगाला दहापैकी अवघे चार गुण दिले. २००९ मध्ये अँड्र्यू वुल्स्टनहोम यांच्या नेतृत्वाखालील आढाव्यातही प्रगती अपेक्षेपेक्षा बरीच तोकडी असल्याचा निष्कर्ष निघाला. संपूर्ण उद्योगासाठी वरून दिलेली टक्केवारी प्रत्येक साइटवर आपोआप उतरत नाही. ‘दोष २० टक्क्यांनी घटवा’ असे सांगितले, तरी मुळात दोष किती होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने त्या आकड्याला अर्थ नसतो. म्हणूनच उद्दिष्ट ठरविण्याची सुरुवात स्वतःच्या साइटवरील मोजणीपासून करावी लागते.

आधी तीन महिन्यांची नोंद

एप्रिलपासून उद्दिष्ट लागू करायचे असेल, तर जानेवारी ते मार्च हे तीन महिने केवळ नोंदीसाठी राखून ठेवावेत. या काळात काहीही सुधारण्याची घाई करू नये. साइटवरील अभियंत्याने किंवा मुकादमाने रोज संध्याकाळी वहीत पाच ओळी लिहाव्यात. आज कोणते काम तोडून पुन्हा केले, ठरलेले कोणते काम झाले नाही व का, कोणते साहित्य वाया गेले, कोणते बिल सादर झाले किंवा वसूल झाले आणि कोणता अपघात झाला अथवा होता होता टळला. यासाठी महागडी संगणकप्रणाली लागत नाही. लागते ते सातत्य आणि ‘खरे लिहिल्याबद्दल कोणाला बोलणी बसणार नाहीत’ असा मालकाचा शब्द.

तीन महिन्यांनंतर जी सरासरी निघेल, ती आरंभरेषा मानावी. ती नामुष्कीची असली तरी बदलू नये.

कोणती उद्दिष्टे निवडावीत?

एका वर्षात चार-पाचपेक्षा अधिक उद्दिष्टे घेतल्यास एकही धड साधत नाही. लहान व मध्यम व्यावसायिकांना पुढील बाबींचा विचार करता येईल.

वचनपूर्ती : अमेरिकेतील ग्लेन बॅलार्ड व ग्रेगरी हॉवेल यांनी १९९० च्या दशकात ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत विकसित केली. तिचे सार सोपे आहे. सोमवारी मुकादम, गवंडी, फिटर, प्लंबर व इलेक्ट्रिशियन यांनी आठवड्यात कोणती कामे पूर्ण करणार हे स्वतः सांगावे आणि शनिवारी त्यांतील किती झाली ते मोजावे. ज्या प्रकल्पांचे असे मोजमाप झाले, तेथे ठरविलेल्या कामांपैकी सरासरी निम्म्याच्या आसपासच कामे वेळेत झाल्याचे आढळले. हे प्रमाण आपल्या साइटवर ५० टक्के असेल, तर वर्षअखेर ७० टक्क्यांवर नेणे हे वास्तववादी उद्दिष्ट ठरू शकते. राहिलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहिले गेले, की सळई उशिरा आली, नकाशा मिळाला नाही, टोळी गावी गेली, अशी नेहमीची कारणे उघडी पडतात.

पुन्हा करावे लागणारे काम : ओळंब्यात नसलेली भिंत, नळजोडणीसाठी फोडलेल्या फरशा, गळणारे स्वच्छतागृह यांची संख्या व त्यावरील मजुरी वेगळ्या खात्यात लिहावी. ही रक्कम एरवी सर्वसाधारण मजुरीत मिसळून जाते आणि म्हणून दिसत नाही.

साहित्याची नासाडी : सळईचे उदाहरण घेऊ. बाजारात सळई साधारणतः १२ मीटर लांबीची मिळते. तिच्यातून ५ मीटरचे दोन तुकडे कापले, तर २ मीटर, म्हणजे सहावा हिस्सा उरतो. त्याच स्लॅबसाठी ७ मीटरचे तुकडेही हवे असतील, तर ५ आणि ७ मिळून पूर्ण सळई वापरली जाते. कापणीची यादी आधी तयार केली का, एवढ्यावर हा फरक अवलंबून असतो. १६ मिलिमीटर व्यासाच्या सळईचे वजन मीटरमागे सुमारे १.५८ किलो असते. म्हणजेच २ मीटरचा प्रत्येक तुकडा तीन किलोंहून अधिक पोलाद भंगारात घालवतो.

वसुलीचे दिवस : अनेक ठेकेदार अडचणीत येतात ते हाती काम नाही म्हणून नव्हे, तर केलेल्या कामाचे पैसे अडकल्यामुळे. समजा, एखाद्याची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६५ लाख रुपये आहे, म्हणजे दिवसाला एक लाख. बिल सादर केल्यापासून पैसे मिळेपर्यंत ७५ दिवस लागत असतील, तर ७५ लाख रुपये कायम बाहेर अडकलेले असतात. हा कालावधी ६० दिवसांवर आणल्यास १५ लाख रुपये मोकळे होतात. कर्जाचा दर १२ टक्के धरला, तरी वर्षाला १ लाख ८० हजार रुपयांचे व्याज वाचते. यासाठी ग्राहकावर दबाव आणण्यापूर्वी स्वतःकडील विलंब पाहावा. मोजमापे वेळेवर न घेतल्यामुळे बिलच उशिरा जाते, असे बहुधा आढळते.

सुरक्षिततेचे उद्दिष्ट : सर्वांत नाजूक बाब

उंचावरून पडणे हे बांधकामावरील मृत्यूंचे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. साहजिकच ‘यंदा शून्य अपघात’ असा फलक अनेक साइटवर दिसतो. हेतू चांगला असला तरी या उद्दिष्टात एक धोका दडलेला आहे. अपघात न झाल्यास बक्षीस आणि झाल्यास बोलणी, असे समीकरण असेल, तर अपघात कमी होण्याऐवजी त्यांची नोंद कमी होते. पायात खिळा घुसलेला बिगारी गुपचूप पट्टी बांधून कामावर येतो, कारण त्याला रोजंदारी गमवायची नसते. वहीत शून्य दिसते. प्रत्यक्षात धोका तसाच राहतो. ज्या कठड्याअभावी आज कोणाचा तोल गेला, तेथेच उद्या कोणाचा जीव जातो.

त्यामुळे येथे उद्दिष्ट परिणामाऐवजी खबरदारीचे ठेवावे. स्लॅबच्या, जिन्याच्या आणि लिफ्टच्या डक्टच्या उघड्या कडा किती व त्यांपैकी किती ठिकाणी कठडे आहेत, हे दर आठवड्याला मोजावे. हे प्रमाण १०० टक्क्यांहून कमी असता कामा नये. टळलेल्या अपघातांची नोंद मात्र पहिल्या वर्षी वाढणे हे चांगले लक्षण समजावे. कामगार मोकळेपणाने बोलू लागल्याची ती खूण असते.

कामगारकल्याण हाही याच उद्दिष्टाचा भाग आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि बांधकामखर्चावर उपकराची तरतूद करण्यात आली. सामाजिक सुरक्षाविषयक २०२० च्या संहितेतही ती कायम आहे. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. त्याचा दाखला मिळविताना कामगारांची मोठी ओढाताण होते. ‘आपल्या साइटवरील प्रत्येक पात्र कामगाराला दाखला दिला जाईल’ हे उद्दिष्ट अल्प खर्चाचे, पण त्या कुटुंबासाठी मोलाचे आहे.

कायद्याचे पालन म्हणजे उद्दिष्ट नव्हे

कायद्याने व मानकांनी घालून दिलेली किमान मर्यादा उद्दिष्ट म्हणून मिरवू नये. आयएस ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार १६ ते ३० घनमीटर काँक्रीटसाठी तीन नमुने, म्हणजे नऊ क्यूब घ्यावे लागतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंट असल्यास वा हवा उष्ण व कोरडी असल्यास किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. हे पाळणे बंधनकारकच समजावे. उद्दिष्ट त्यापुढचे असावे. उदाहरणार्थ, पाणी मारल्याची नोंद प्रत्येक स्लॅबसाठी रोज सहीनिशी ठेवणे किंवा क्यूबच्या निकालांतील चढ-उतार कमी करणे.

स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि मे २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’चे काम सुरू झाले. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे, तसेच ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे दोष तक्रारीनंतर ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे विकासकावर बंधनकारक आहे. अशा तक्रारींची इमारतनिहाय यादी हाती असेल, तर पुढील वर्षाचे दर्जाविषयक उद्दिष्ट शोधायला दूर जावे लागत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

महाराष्ट्रातील बांधकामाची गती पाऊस, सण आणि शेतीचा हंगाम यांवर ठरते. पावसाळ्यात पायाखोदाई व बाहेरील गिलावा मंदावतो. होळी व दिवाळीला अनेक टोळ्या गावी जातात. त्यामुळे वार्षिक उद्दिष्टाला बाराने भागून महिन्याचा आकडा काढणे चुकीचे ठरते. एप्रिलमध्ये उद्दिष्टे लेखी जाहीर करावीत, जूनमध्ये पावसाआधी पहिला आढावा घ्यावा आणि पावसाळ्यातील सवड प्रशिक्षणासाठी व नोंदींच्या छाननीसाठी वापरावी. दसऱ्यानंतर कामाला वेग येण्यापूर्वी दुसरा, तर जानेवारीत तिसरा आढावा घ्यावा. महारेराकडे दर तिमाहीला प्रगतीची माहिती द्यावीच लागते. त्याच वेळी अंतर्गत उद्दिष्टेही तपासल्यास वेगळा भार पडत नाही.

उद्दिष्ट एका वाक्यात मावले पाहिजे. उदाहरणार्थ, ‘जानेवारी ते मार्च या काळात दर दहा स्वच्छतागृहांपैकी तीन गळती-चाचणीत नापास झाली, पुढील मार्चपर्यंत हे प्रमाण दहात एकावर आणायचे, जबाबदारी साइट अभियंत्याची, नोंद चाचणीवहीत.’ हे वाक्य साइटवर मराठीत आणि हिंदीत लावावे. ज्यांच्या हातून काम होणार, त्यांनाच ते वाचता आले नाही, तर उपयोग नाही. उद्दिष्ट साधल्यास होणाऱ्या बचतीतील काही वाटा गवंडी व प्लंबर यांच्यापर्यंत पोहोचला, तर वही अधिक प्रामाणिक राहते.

घर घेणाऱ्यांनीही विकासकाला या वह्यांविषयी विचारावे. नमुना सदनिकेतील सजावट सर्वांनाच दाखविली जाते. गेल्या वर्षी किती सदनिकांत गळतीच्या तक्रारी आल्या, त्या किती दिवसांत मिटल्या आणि यंदा ते प्रमाण किती खाली आणायचे ठरले आहे, हे विचारल्यावर जो लेखी आकडा दाखवू शकतो, त्याच्या कामाची तपासणी करणे ग्राहकाला निश्चितच सोपे जाते.