आमदार-खासदारांकडून गावाचं काम करून घ्यायचंय? निवेदनाचा फोटो काढण्याआधी हे वाचा

निवेदन देतानाचे फोटो आमच्याकडे नेहमीच येतात. मध्ये आमदार किंवा खासदार, हातात कागद, आजूबाजूला गावातली आठ-दहा माणसं. खाली ओळ असते, 'सकारात्मक आश्वासन दिले'. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं, शाळेची पोरं घरी बसतात, दुधाच्या गाडीला वळसा पडतो, बाळंतपणाची बाई बाजेवरून पलीकडे न्यावी लागते. मग पुन्हा निवेदन, पुन्हा फोटो.

लोकप्रतिनिधी काम करत नाहीत, ही तक्रार कधी खरी असते. पण बऱ्याच वेळा निवेदनातच तीन गोष्टी नसतात. काम नेमकं कोणत्या खात्याचं, ते कुठे अडलंय आणि आमदारांनी नक्की काय करायचं. या तीन गोष्टी कागदावर असतील तर टाळाटाळ करणं अवघड जातं. समजा, तुमच्या गावाला ओढ्यावर पूल हवाय. हेच उदाहरण धरून पुढची माहिती वाचा.

१) आधी बघा, काम कोणाचं?

- ग्रामपंचायत: गावातले अंतर्गत रस्ते, गटारी, दिवाबत्ती, नळपाणी.
- जिल्हा परिषद: ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र.
- राज्य सरकार (आमदार): राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, ग्रामीण रुग्णालय, एसटी, महावितरण, पाटबंधारे.
- केंद्र सरकार (खासदार): राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, पोस्ट, शेतमालाची आयात-निर्यात.

रस्त्याला क्रमांक असतो. तुमचा रस्ता ग्रामीण मार्ग आहे की प्रमुख जिल्हा मार्ग, हे बांधकाम उपविभागात विचारा आणि निवेदनात क्रमांकासह लिहा. रस्त्याला क्रमांकच नसेल तर आधी तो मिळवण्याची मागणी करा.

सातबाऱ्यावरची नोंद, दाखले, रेशनकार्ड अशी वैयक्तिक कामं आमदारांकडे नेण्याची गरज नसते. त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांकडचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तोही वापरा.

२) फाइल कुठे अडलीय, ते शोधा

सरकारी बांधकामाचे टप्पे साधारण असे: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. 'पूल मंजूर आहे' असं गावात सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात अंदाजपत्रकच झालेलं नसतं, असंही निघतं.

कार्यालयात तोंडी सांगत नसतील तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

'काम का होत नाही?' असं विचारू नका. कागद मागा: 'ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक वरील पुलाच्या प्रस्तावाची, अंदाजपत्रकाची आणि त्यावर वरिष्ठ कार्यालयाने मारलेल्या शेऱ्यांची प्रत मिळावी.' शेरा हातात आला की अडचण कळते. कधी जागेचा प्रश्न असतो, कधी निधीचा, कधी नुसती सही राहिलेली असते.

३) ग्रामसभेचा ठराव घ्या

दहा जणांच्या सह्यांपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन जास्त. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होतात. विषय आधीच लेखी द्या, ठराव इतिवृत्तात आला का ते बघा आणि ग्रामपंचायतीकडून सही-शिक्क्याची प्रत घ्या. ओढ्याच्या पलीकडच्या गावांनाही पूल हवाच असतो, तेव्हा त्यांचेही ठराव जोडा. एका गावाची मागणी आणि चार गावांची मागणी यातला फरक आमदारांना सांगावा लागत नाही.

४) पैसा कुठून येणार, तेही सुचवा

- आमदार निधी: आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. पूर्ण मतदारसंघाला हा पैसा पुरत नाही, त्यामुळे छोटं सार्वजनिक काम असेल तरच हा मार्ग धरा.
- २५१५: या लेखाशीर्षाखाली ग्रामविकास विभाग लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत कामं घेतो.
- जिल्हा नियोजन समिती: अध्यक्ष पालकमंत्री असतात. ग्रामीण रस्त्यांना ३०५४ आणि ५०५४ खाली इथून पैसा मिळतो.
- राज्याचा अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्या: मोठा पूल, राज्य मार्गाचं काम इथूनच होतं.

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण कामांच्या याद्यांची तयारी त्याआधी काही महिने सुरू असते. म्हणून मोठ्या कामाचं निवेदन दिवाळीच्या सुमारास द्या. मार्चमध्ये दिलं तर वर्ष गेलंच समजा.

५) आमदारांकडे नेमकं काय मागायचं?

'शिफारसपत्र द्या' एवढंच मागून लोक परत येतात. शिफारसपत्र म्हणजे मंजुरी नाही. आमदारांचं खरं हत्यार सभागृहात आहे.

- तारांकित प्रश्न: मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात.
- अतारांकित प्रश्न: लेखी उत्तर मिळतं. आकडे आणि तारखा काढायला चांगला.
- लक्षवेधी सूचना: तातडीच्या सार्वजनिक विषयासाठी.
- कपात सूचना: अर्थसंकल्पातल्या खात्याच्या मागणीवर बोलताना तुमचा विषय मांडता येतो.
- विनंती अर्ज: नागरिकांचा अर्ज आमदारामार्फत सभागृहापुढे जातो, विनंती अर्ज समिती तो तपासते.

आमदारांच्या कार्यालयात रोज ढीगभर कागद येतात. त्यांच्या स्वीय सहायकाला तयार प्रश्न मिळाला तर तो पुढे सरकायची शक्यता वाढते. विधानसभेतल्या प्रश्नाची धाटणी ठरलेली आहे. नमुना असा:

*(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक वरील ओढ्यावर पूल नसल्याने पावसाळ्यात चार गावांचा संपर्क तुटतो, हे खरे आहे काय?*
*(२) असल्यास, सदर पुलाचा प्रस्ताव अमुक तारखेपासून अमुक कार्यालयात प्रलंबित आहे, हे खरे आहे काय?*
*(३) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?*
*(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?*

यातली तारीख आणि कार्यालय तुमच्या माहिती अधिकाराच्या उत्तरातून येणार. म्हणून तो अर्ज आधी.

वेळेचंही गणित आहे. राज्याची अधिवेशनं साधारण तीन: अर्थसंकल्पीय (फेब्रुवारी-मार्च, मुंबई), पावसाळी (जून-जुलैच्या सुमारास, मुंबई) आणि हिवाळी (डिसेंबर, नागपूर). प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्याव्या लागतात. हिवाळी अधिवेशनासाठीचा कागद दसऱ्यापर्यंत आमदारांच्या हातात पडला पाहिजे. अधिवेशन सुरू झाल्यावर नागपूरला गाडी भरून गेलात तर हुरडा खाऊन परत याल.

६) आमदार मंत्री असतील, किंवा ऐकतच नसतील तर?

मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. अशा वेळी दुसऱ्या आमदारांकडे जा. तुमच्या गावाबद्दलचा प्रश्न शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांनाही विचारता येतो. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. परिषदेत पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमधून निवडून आलेले आमदार असतात. शाळेचा विषय असेल तर शिक्षक आमदारांना जरूर भेटा. विरोधी पक्षाच्या आमदाराला निधी मिळवायला त्रास होईल, पण प्रश्न विचारायला कोणी अडवू शकत नाही.

७) भेट झाल्यावर पाठपुरावा

- निवेदन एकाच पानाचं, एकाच कामाचं असू द्या. रस्ता, पाणी, एसटी आणि समाजमंदिर एकाच कागदात घातलं की एकही होत नाही.
- दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या.
- आमदारांनी कार्यकारी अभियंत्यांना पत्र दिलं असेल तर त्याची प्रत मागून घ्या आणि पंधरा दिवसांनी अभियंत्यांकडे जाऊन त्यावर काय झालं ते विचारा.
- प्रश्न लागला का, उत्तर काय आलं, हे विधानमंडळाच्या संकेतस्थळावर बघा. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं असेल तर ते आश्वासन समितीच्या कक्षेत येतं. त्याची तारीख टिपून ठेवा.
- पाठपुराव्यासाठी दोन माणसं ठरवा, त्यांतली एक तरी बाई असावी. पाण्याचा, दवाखान्याचा त्रास कोणाला होतो हे वेगळं सांगायला नको.
- निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या कामांच्या घोषणा थांबतात, तेव्हा त्याआधी कागद पुढे सरकवा.
- काम झालं तर जाहीर आभार माना, नाही झालं तर तारखांसह जाहीर विचारा.

रोजगार हमीचंच बघा. १९७२ च्या दुष्काळानंतर ती राज्यभर पोहोचली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि पुढे २००५ मध्ये देशानेही तसाच कायदा केला. रोजाने काम मागणाऱ्या खेड्यातल्या माणसाची गरज सभागृहात पोहोचली म्हणून हे झालं.

तुमचा पूल एवढा मोठा विषय नसेल, पण वाट तीच आहे. फोटो काढायला हरकत नाही. फक्त त्या फोटोतल्या कागदावर रस्त्याचा क्रमांक, अडलेल्या फाइलची तारीख आणि तयार प्रश्न असू द्या.