डासाला पकडून देणारा काळा कण

मलेरियाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. ते पचवताना त्यातला लोह असलेला ‘हीम’ सुटा होतो, आणि हा हीम जंतूलाच विषारी. मग जंतू त्याचे घट्ट काळे स्फटिक करून पोटातच दाबून ठेवतो. नाव हिमोझॉइन.

1880 मध्ये अल्जेरियात लाव्हरान यांनी रोग्याच्या रक्तात हे काळे कण असलेले जंतू पाहिले. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस डासाचं पोट फाडून बघत होते. (आपला वऱ्हाड तेव्हा इंग्रजांकडे, पण कागदावर निजामाचाच. म्हणजे शेजारचीच गोष्ट!) पोटाच्या भिंतीवर अनोळखी पेशी दिसल्या, त्यांत तेच काळे कण. डास सापडला तो असा. रॉसना 1902 ला नोबेल मिळालं. ज्याने डास चावून घेतले त्या हुसेन खानला मिळाला डासामागे एक आणा.

पुढे क्लोरोक्विन आलं. ते हीमचे स्फटिक होऊच देत नाही, जंतू स्वतःच्याच विषाने मरतो. पण फॅल्सिपेरम जातीचा जंतू हे औषध बाहेर फेकायला शिकला. भारतात पहिली नोंद 1973 ची, आसामात. व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन अजून चालतं. त्यामुळे रक्त न तपासता मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणली, तर ती लागू पडेलच असं नाही. गडचिरोलीत फॅल्सिपेरम भरपूर. त्याला आता आर्टेमिसिनिनवाल्या गोळ्या देतात. गंमत म्हणजे, त्या गोळीलाही पेटवतं ते हीममधलं लोहच.