ट्रकवरून नेताना जुनी गाडी ठोकली, तर भरपाई कोण देतं आणि ती मिळवायची कशी?

समजा, सांगलीतल्या एका घरी १९६८ सालची फियाट आहे. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी जपलेली आणि आता नातवाने हौसेने परत रस्त्यावर आणायला काढलेली. साताऱ्याला जुन्या गाड्यांचं काम करणारा एक मिस्त्री मिळतो. गाडी तिथपर्यंत चालवत नेणं शक्य नाही म्हणून १२ हजार रुपये भाडं ठरवून ती ट्रकवर चढवली जाते. पेठ नाक्यावरून हायवेला लागून कराडमार्गे गाडी साताऱ्यात पोहोचते. उतरवताना दिसतं की उजवा मडगार्ड चेपलाय, क्रोमचा बंपर वाकलाय आणि मागची काच फुटलीय.

ड्रायव्हर म्हणतो, "रस्ताच तसा आहे साहेब." ऑफिसातून उत्तर येतं, "पावतीच्या मागे लिहिलंय, माल मालकाच्या जोखमीवर." बऱ्याच जणांचा विषय इथेच संपतो.

हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण खरी आहे. आणि कायदा इथे गाडीमालकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे. फक्त त्याचा फायदा मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा गाडी ट्रकवर चढायच्या आधीच ठरलेलं असतं.

जुनी गाडी ट्रकवरूनच का न्यावी लागते?

एक कारण उघड आहे. ब्रेक, टायर आणि इंजिनाची खात्री नसते. दुसरं कारण नियमाचं आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी यात नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, त्यानंतर नूतनीकरणाचे ५ हजार रुपये. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात.

पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच परवानगी असते. त्यामुळे लांबच्या प्रवासाला बहुतेक मालक ट्रकचाच पर्याय निवडतात.

कोणता कायदा लागू होतो?

रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठी २००७ चा 'कॅरेज बाय रोड' कायदा आहे. इंग्रजांच्या काळातल्या १८६५ च्या कायद्याची जागा त्याने घेतली आणि तो मार्च २०११ पासून लागू झाला.

भाडं घेऊन कुणाचाही माल नेण्याचा धंदा करणारा प्रत्येक जण या कायद्याच्या भाषेत 'कॉमन कॅरियर' आहे. ट्रान्सपोर्ट कंपनी, बुकिंग करणारा एजंट, दलाल, कुरिअर हे सगळे त्यात येतात. म्हणजे ज्याने पैसे घेऊन पावती दिली तो हुंडेकरी "ट्रक माझा नव्हता, मी फक्त गाडी लावून दिली" असं म्हणून सुटू शकत नाही. ॲपवरून बुकिंग केलं असेल तरीही पैसे कुणी घेतले आणि पावती कुणी दिली, हेच आधी बघितलं जातं.

या कायद्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा मालकाने सिद्ध करायची गरज नाही. गाडी धडधाकट दिली आणि मोडकी मिळाली, एवढं दाखवणं पुरेसं आहे. चूक आपली नव्हती, हे वाहतूकदाराने दाखवायचं.

जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. २००० साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा नियम ग्राहक न्यायालयातही तसाच लागू होतो. त्या प्रकरणात वाहतुकीसाठी दिलेले जनरेटर संच गोदामाच्या आगीत जळाले होते.

"मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं असेल तर?

बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात हे वाक्य जवळपास ठरलेलं असतं. २००० सालच्याच नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं. वाहतूकदाराची जबाबदारी विमा कंपनीसारखी असते आणि 'ओनर्स रिस्क' छापल्याने स्वतःच्या निष्काळजीपणातून त्याची सुटका होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणून हे वाक्य वाचून गप्प बसायचं कारण नाही. खरा धोका दुसरीकडे आहे.

दहापटीचा सापळा

२०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित असते. तीही मालाची जी किंमत लेखी नोंदवली आहे, तिच्यापेक्षा जास्त नाही.

वरच्या उदाहरणात भाडं १२ हजार होतं. दहापट म्हणजे १ लाख २० हजार. गाडीची किंमत ८ लाख असो की २० लाख, वाहतूकदार हाच आकडा पुढे करणार. आणि भाडं वाचवायला किंवा घाईत कुणी पावतीवर गाडीची किंमत ५० हजार लिहिली असेल, तर मर्यादा ५० हजारांवर येते.

यातून बाहेर पडायचा रस्ता कायद्यातच आहे. गाडीची खरी किंमत लिहून द्यायची आणि जास्त जोखमीचा जादा दर भरायचा. तसं केलं की दहापटीची मर्यादा लागत नाही. असा जादा दर घेणाऱ्या वाहतूकदाराने त्याची सूचना आपल्या ऑफिसात इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, लावणं अपेक्षित आहे. बुकिंग करताना हा दर विचारायचा आणि तो भरल्याची नोंद पावतीवर करून घ्यायची.

पूर आला, दरड कोसळली तर?

दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी बंदी किंवा जप्ती अशा कारणांनी नुकसान झालं तर वाहतूकदाराला सूट मिळते. पण त्यालाही अट आहे. योग्य काळजी घेऊन नुकसान टाळता आलं असतं, तर सूट नाही.

सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि कोल्हापूरजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी अचानक पाणी वाढून ट्रक अडकला, तर वाहतूकदाराची बाजू ऐकली जाईल. पण पाणी वाढत असल्याचे इशारे आलेले असताना कुणी गाडीसकट ट्रक नदीकाठच्या गोदामात उभा ठेवला, तर 'देवाची करणी' हे कारण टिकणं अवघड आहे.

खड्डे, वळणं आणि घाट तर यात बसतच नाहीत. खंबाटकीचा उतार किंवा पेठ-सांगली रस्ता कसा आहे, हे रोज त्यावरून ट्रक नेणाऱ्याला माहीत असतंच. गाडी नीट बांधणं हे त्याचं काम आहे.

विमा कामाला येतो का?

येतो, पण कोणता विमा आहे त्यावर अवलंबून आहे. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण पॅकेज पॉलिसी असेल, तर तिच्या नेहमीच्या मसुद्यात एक ओळ असते, जी फारसं कुणी वाचत नाही. रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने गाडी नेली जात असताना झालेलं नुकसानही त्यात धरलेलं असतं.

अडचण घसाऱ्याची आहे. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीलाही ५० टक्के. काचेवर मात्र घसारा नाही. म्हणजे नव्या बंपरचं बिल ४० हजार असेल, तर विम्यातून २० हजारच्या आसपास हाती येतील.

म्हणून जुन्या गाडीसाठी 'ॲग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी मिळते का ते विचारायचं. त्यात गाडीची किंमत कंपनी आणि मालक आधीच ठरवून घेतात. शिवाय एका प्रवासापुरता वेगळा ट्रान्झिट विमाही काढता येतो.

विमा कंपनीने क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात.

एक गोष्ट मात्र टाळायची. ट्रान्सपोर्टवाल्याकडून पाच-दहा हजार घेऊन "माझी काही तक्रार नाही" असं लिहून द्यायचं नाही. विमा कंपनी पैसे दिल्यावर ते वाहतूकदाराकडून वसूल करू शकते. तो हक्कच मालकाने सोडून दिला, तर क्लेम अडकण्याची शक्यता असते.

गाडी उतरवताना काय करायचं?

नुकसान दिसल्यापासूनचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा.

- गाडी ट्रकवर असतानाच चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या. ट्रकचा नंबर आणि पट्टे कुठे बांधलेत ते त्यात दिसलं पाहिजे.
- डिलिव्हरीच्या कागदावर नुकसान लिहूनच सही करा. "माल सुस्थितीत मिळाला" या वाक्याखाली सही केली, तर पुढे तोच कागद तुमच्या विरोधात वापरला जातो.
- ड्रायव्हर लिहू देत नसेल, तर तिथूनच कंपनीला ईमेल आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. वेळेची नोंद आपोआप होते.
- विमा असेल तर लगेच कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका.
- रस्त्यात अपघात झाला असेल, तर पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत घ्या.

१८० दिवसांची नोटीस

दावा करण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस देणं या कायद्यात बंधनकारक आहे, आणि ती १८० दिवसांच्या आत. हे दिवस नुकसान दिसल्यापासून मोजले जात नाहीत. ते बुकिंगच्या तारखेपासून मोजले जातात.

"बघतो, करतो, मालकांशी बोलतो" असं करत पाच-सहा महिने सहज निघून जातात आणि मग दावा तांत्रिक मुद्द्यावर पडतो. म्हणून बोलणी चालू असली तरी नोटीस पहिल्या महिन्यातच पाठवायची. त्यात बिल्टीचा नंबर, तारीख, नुकसानीचं वर्णन आणि मागणीची रक्कम हवी. पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवायची.

ग्राहक आयोगात जायचं कसं?

नोटिशीनंतरही पैसे मिळाले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग हा सामान्य माणसासाठी सोपा मार्ग आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा आयोग आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने इथे चार गोष्टी सोप्या केल्या.

पहिली, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी सांगलीकराने सांगलीत तक्रार करावी.

दुसरी, कोणत्या आयोगात जायचं हे गाडीच्या किमतीवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग. इथे भाडं १२ हजारच असल्याने गाडी २० लाखांची असली तरी जिल्हा आयोग चालतो. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली.

तिसरी, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावण्याचीही सक्ती नाही. चौथी, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन भरता येते. त्यासाठी मुदत २ वर्षं आहे.

पण एक अट आहे. गाडी धंद्यासाठी वापरत असाल, तर 'ग्राहक' या व्याख्येतून बाहेर पडण्याचा धोका असतो. लग्नात किंवा वाई-मेणवलीच्या शूटिंगला गाडी भाड्याने देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला कायद्यात सवलत आहे, बाकीच्यांसाठी दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो. आणि 'व्हीए' नोंदणीची गाडी तर व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही.

हातात किती पडतं?

दुरुस्तीचा खर्च, त्यावर व्याज, मानसिक त्रासापोटी काही रक्कम आणि तक्रारीचा खर्च, अशी मागणी साधारणपणे केली जाते. विम्यातून मिळालेले पैसे त्यातून वजा होतात, कारण एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. घसाऱ्यात कापलेला भाग मात्र वाहतूकदाराकडे मागता येतो.

"आजोबांची आठवण" या शब्दांना आयोगात आकडा लावता येत नाही. आकडा लागतो तो कागदांना. आधीच्या कामाची बिलं, जाणकाराने दिलेलं मूल्यांकन, तशाच गाड्यांचे अलीकडच्या विक्रीचे भाव आणि नुकसानीनंतर दोन वेगवेगळ्या गॅरेजची लेखी कोटेशन हे सगळं जोडायचं. जुन्या फियाटचा मडगार्ड दुकानात मिळत नाही, तो हाताने ठोकून बनवावा लागतो. त्या मजुरीचा अंदाज मिस्त्रीकडून लेखी घ्यायचा, नाहीतर समोरचा आजच्या गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचा दर दाखवतो.

गाडी चढवण्याआधी

पावतीवर गाडीचं मॉडेल, नंबर आणि खरी किंमत लिहून घ्या. जादा जोखमीचा दर विचारा. ड्रायव्हरला सोबत घेऊन गाडीभोवती फिरत व्हिडिओ काढा आणि आधीचे ओरखडे दोघांच्या सहीने नोंदवा. पट्टे बंपरला नको, चाकांना किंवा चासीला बांधायला सांगा. बॅटरीची वायर काढा, टाकीत पेट्रोल कमी ठेवा.

आणि यातलं काहीच केलेलं नसताना गाडी ठोकून आली असेल, तर आधी बिल्टी शोधा, तिच्यावरची तारीख बघा आणि १८० दिवस मोजा. शंका असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं.