उलट्या मोजणीची कुळकथा

सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफा आणि पंधराव्या शतकातील इटालियन टॅरो-पत्त्यांच्या युरोप-अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या प्रतिकृती यांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे त्यांच्याकडे पाहून कोणाला वाटणार नाही. गंजिफेचे पान गोल, लाखेने चकचकीत आणि मत्स्य-कूर्मांच्या चित्रांचे असते, तर टॅरोचे पान लांबट, सोनेरी पार्श्वभूमीचे आणि पोप, सम्राट, मृत्यू अशा आकृत्यांचे असते. तरीही या दोन्ही खेळांच्या नियमांत एक विचित्र कलम समान आहे. संचातील निम्म्या रंगांत (रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांसारखा एकेका चिन्हाचा गट) दश्शी मोठी आणि एक्का लहान धरला जातो. उरलेल्या निम्म्या रंगांत हीच मोजणी उलटते, एक्का राजा-प्रधानांच्या लगोलग खाली येऊन बसतो आणि दश्शी तळाला जाते. चित्रे, आकार आणि देव बदलत गेले तरी हे कलम टिकून राहिले, आणि पत्त्यांच्या कुळाचा शोध चित्रांपेक्षा या कलमाच्या आधारे घेणे अधिक फलदायी ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रवासाचे सर्वपरिचित टप्पे थोडक्यात सांगता येतात. पत्ते चीनमध्ये जन्मले, इराणमार्गे पश्चिमेला गेले, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या दरबारात रुळले आणि 1370 नंतरच्या दशकात इटलीत उतरले. फ्लॉरेन्सने 1377 मध्ये त्यांच्यावर बंदीचा हुकूमही काढला. चार रंगांच्या 56 पानांना 22 चित्रपानांची जोड देऊन 78 पानांचा टॅरो इटलीतच 1440 च्या सुमारास तयार झाला. ती चित्रपाने भविष्यासाठी जन्मली नव्हती. इतर सर्व पानांना मारणारे कायमचे हुकूम एवढेच त्यांचे मूळ काम होते. हिंदुस्थानात गंजिफेचा पहिला स्पष्ट उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात, 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला पाठवलेल्या भेटीच्या निमित्ताने येतो.

आता कलमाकडे. मुघल गंजिफेत आठ रंग आणि 96 पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम हे चार रंग ‘बीशबर’, तर चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे चार ‘कमबर’ म्हणवले जातात. ‘बीश’ म्हणजे अधिक आणि ‘कम’ म्हणजे उणे, हा फारसी अर्थ येथे केवळ शब्दकोशाचा विषय राहत नाही, कारण पहिल्या गटात अधिक ठिपक्यांचे पान जिंकते आणि दुसऱ्या गटात उण्या ठिपक्यांचे. चंग म्हणजे वीणेसारखे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, बरात म्हणजे हुंडीसारखा कागद आणि किमाश म्हणजे कापड किंवा माल. सफेद हे चांदीचे नाणे आणि शमशेर म्हणजे तलवार. दशावतारी संचात आठांचे दहा रंग होतात, पाने 120 होतात, वजिराचा प्रधान होतो, पण पाच रंग सुलटे आणि पाच उलटे ही विभागणी कायम राहते.

इटलीत टॅरोचे चार रंग म्हणजे तलवारी, दंड, प्याले आणि नाणी. तलवारी व दंड सुलटे मोजले जातात, प्याले व नाणी उलटी. फ्रान्समधील आजच्या टॅरो-खेळाने हे कलम सोडून दिले असले, तरी बोलोन्याच्या जुन्या खेळात ते शाबूत आहे आणि ऑस्ट्रियात चिन्हे बदलून बदाम-चौकट आल्यावरही लाल रंगांत एक्काच दुर्रीला मारतो. इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी टॅरोच्या खेळांचा इतिहास लिहिताना या नियमाच्या पुरातनतेकडे लक्ष वेधले होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्यामुळे योगायोगाची शंका बरीच दुबळी होते: तलवार मुघल संचातही सुलट्या गटात आहे आणि सोन्याचे नाणे उलट्या गटात. मिंग काळातील चिनी ‘मा दियाव’ या खेळातही चार रंगांपैकी सुट्या नाण्यांचा रंग उलटा मोजला जात असे. तेथे शून्य नाण्यांचे पान सर्वांत मोठे आणि नऊ नाण्यांचे सर्वांत लहान होते. तीन खंडप्राय प्रदेशांत नाणे हेच चिन्ह उलटे मोजावे असे स्वतंत्रपणे तिघांना सुचले, हे मानण्यापेक्षा एकाच घराण्याची ती खूण आहे हे मानणे सोपे जाते. सफेद हे चांदीचे नाणे सुलट्या गटात कसे, हा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर असे की चार रंगांचे आठ करताना नाण्याचे दोन भाग पडले असावेत आणि समतोल राखण्यासाठी नव्या भावंडाला दुसऱ्या गटात बसवले गेले असावे. हा तर्क आहे, पण गटांची चार-चार अशी काटेकोर वाटणी पाहता तो ओढून आणलेला वाटत नाही.

साखळीतील मधला दुवा म्हणजे मामलुक पत्ते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात एल. ए. मायर यांना 1931 मध्ये हे पत्ते आढळले आणि 1939 मध्ये त्यांनी त्यांची ओळख जगाला करून दिली. चार रंगांच्या 52 पानांपैकी 47 पाने उरली आहेत. प्याले, नाणी, तलवारी आणि चौगानाच्या काठ्या ही चिन्हे इटालियन चिन्हांशी इतकी जुळतात की उसनवारीबद्दल वाद उरत नाही. चौगान म्हणजे घोड्यावरून खेळायचा पोलो. तो ठाऊक नसलेल्या इटालियनांनी त्याच्या काठीचा साधा दंड केला. दरबारी पानांवर मनुष्याकृती नाही, फक्त राजा, त्याचा नायब आणि दुसरा नायब अशी पदे लिहिली आहेत. याच प्रदेशाच्या पंधराव्या शतकातील अरबी इतिहासात पत्त्यांच्या खेळाला ‘कंजिफा’ म्हटलेले आढळते, म्हणजे सावंतवाडीच्या पेटीवरचे नाव आणि मिलानच्या पत्त्यांची चिन्हे कैरोच्या एकाच दरबारात भेटतात. मामलुक खेळाचे नियम लिहून ठेवलेले उपलब्ध नाहीत, तरीही पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या वारसांकडे जे समान आहे ते या मधल्या घरात नसावे, असे समजणे कठीण आहे.

या मांडणीला जे प्रतिस्पर्धी आहेत त्यांतील काही केवळ मनोरंजक आहेत. विल्यम अँड्र्यू चॅटो यांच्या 1848 च्या ग्रंथात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतील एका गंजिफा-संचाची हकीकत आहे. 1815 मध्ये एका ब्राह्मणाने तो एका इंग्रज कप्तानाला भेट दिला आणि तो हजार वर्षांचा जुना असल्याचे सांगितले. चॅटो यांनी यावर विश्वास ठेवला नाही, आणि कापडी-कागदी पानांचे आयुष्य ज्याने पाहिले आहे तो कोणीही ठेवणार नाही. अर्धनारीश्वराच्या हातांतील वस्तूंवरून इटालियन चिन्हे निघाली हे जुन्या इंग्रजी पुस्तकांतील मतही त्याच मासल्याचे आहे. यांहून प्रसिद्ध भ्रम फ्रान्समधला. आंत्वान कूर द जेबलँ याने 1781 मध्ये टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर टॅरोवर भविष्याचा जो शेंदूर चढला तो अद्याप निघालेला नाही. गमतीचा भाग असा की टॅरोचे चार रंग खरोखरच इजिप्तहून आले होते. फक्त ते देवळांतून न येता सुलतानाच्या जुगारातून आले.

गंभीर प्रतिस्पर्धी एकच, आणि तो सावंतवाडीच्या सीमेवरच उभा आहे. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यांच्याजवळ तलवारी, दंड, प्याले आणि नाणी यांचेच पत्ते होते आणि आयबेरियातील ओंब्रे या खेळातही प्याले-नाणी उलटीच मोजली जात. सावंतवाडीपासून गोव्याची हद्द काही कोसांवर असताना हे कलम कैरो-शिराज फिरून येण्याऐवजी थेट पणजीहून आले असे का म्हणू नये? भूगोल या मताच्या बाजूचा आहे, हे मान्य करावे लागते. परंतु बीशबर आणि कमबर या संज्ञा फारसी आहेत, पोर्तुगीज नाहीत. पोर्तुगीज संचात तीन दरबारी पाने असतात, गंजिफेत दोनच. शिवाय शिराजचा कवी अहली, जो सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वारला, त्याच्यापुढे आठ रंगांचा पूर्ण घडलेला संच होता, आणि एखाद्या परदेशी खेळाचे चाराचे आठ होऊन तो कवितेचा विषय बनण्याइतका रुळायला त्या मधल्या वीस-पंचवीस वर्षांचा अवधी फार तोकडा आहे. गोव्याने कोकणाला पाव, काजू आणि बटाटा दिला; गंजिफेचे श्रेय मात्र त्याच्या पदरात घालता येत नाही.

अहली शिराजीचे नाव येथे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. त्याने गंजिफेच्या प्रत्येक पानावर एक रुबाई रचली, म्हणजे 96 पानांना 96 चौपद्या. पंधराव्या शतकातच इटलीत मात्तेओ मारिया बोयार्दो या कवीने (मृत्यू 1494) टॅरोच्या धर्तीवर एक संच कल्पून त्याच्या प्रत्येक पानासाठी कवितेची कडवी लिहिली होती. आणि मामलुक पानांच्या माथ्यावरही सुभाषितवजा ओळी आहेतच. पत्त्यांबरोबर आज मिळणाऱ्या ‘मार्गदर्शक पुस्तिके’चे मूळ शोधायचे तर ते या पान-पानाच्या कवितेत शोधावे, जेबलँने तिच्यात भविष्य घातले ते पुढे. संस्कृतातही गिरिधर कवीचे ‘गंजीफाखेलन’ आहे, पण त्याचा रोख खेळ कसा खेळावा याकडे आहे आणि म्हणूनच पान-पानाचे गुणगान करणाऱ्या रचनांपेक्षा इतिहासकाराला ते अधिक उपयोगी पडते.

आधुनिक प्रतिकृतींची अडचण नेमकी येथे आहे. मिलानच्या स्फोर्झा सरदारांसाठी 1450 च्या सुमारास रंगवलेल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचाची 78 पैकी 74 पाने न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोचे कारारा कलादालन आणि कोलेओनी कुटुंब यांच्यात वाटली गेली आहेत. 1975 मध्ये त्याची प्रतिकृती छापताना सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार ही हरवलेली पाने नव्याने चितारली गेली. तोपकापी संचाचीही 1970 नंतर अशीच भरपाई करून प्रतिकृती निघाली. चित्रांच्या बाबतीत या आवृत्त्यांनी जो काटेकोरपणा दाखवला त्याला तोड नाही. सैतान मुळात रंगवला गेला होता की नाही यावर अभ्यासक पाने खर्ची घालतात. पण अशा संचांसोबतच्या पुस्तिकांचा भर बहुधा पानांच्या अर्थांवर असतो, आणि नाण्यांची दश्शी एक्क्यापेक्षा लहान आहे हे त्यांतून वाचकाला क्वचितच कळते. सोन्याचा वर्ख जपला जातो, मोजणी गळून पडते. नियम पानावर छापलेला नसतो. तो खेळणाऱ्यांच्या तोंडी असतो, आणि खेळणारे संपले की प्रतिकृतीला तो पुन्हा मिळवता येत नाही.

सावंतवाडीत ही वेळ जवळजवळ आली होती. तेलंगी ब्राह्मणांनी खेम सावंत तिसरे (कारकीर्द 1755 ते 1803) यांच्या दरबारात ही कला आणली, अशी परंपरागत समजूत आहे. गंजिफा रंगवणारे कारागीर चितारी. कागदाचे थर चिकटवून, चिंचोक्याची खळ देऊन, घोटून गुळगुळीत केलेल्या गोल पानावर ते रंगकाम करीत आणि वर लाखेचा लेप देत. छापील विलायती पत्त्यांपुढे हा धंदा बसला. 1970 च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून स्वतः हे काम शिकून घेतले आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले. युरोपातील प्रतिकृतीशी तुलना केली तर या पुनरुज्जीवनाचे वेगळेपण उघड आहे: तेथे छायाचित्रावरून छपाई झाली, येथे हातातून हातात काम गेले, त्यामुळे सावंतवाडीचे पान ही प्रतिकृती नसून त्याच वंशाचे पुढचे अपत्य आहे. संच मात्र येथेही बहुतांशी भेटवस्तू म्हणून विकत घेतले जातात, आणि तीन जणांनी 40-40 पाने वाटून घेऊन हुकमाशिवाय हात करत बसण्याची सवय कारखान्यात तयार होत नाही.

दशावतारी खेळातील एक प्रथा अजून सांगायची राहिली. डाव दिवसा असेल तर सुरुवात रामाचा राजा असलेल्याने करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असलेल्याने. मुघल खेळात हाच मान दिवसा सुर्खच्या आणि रात्री सफेदच्या राजाला असतो. सोन्याचे नाणे सूर्य आणि चांदीचे नाणे चंद्र, हे तेथे उघड आहे. राम सूर्यवंशी आणि कृष्ण चंद्रवंशी, हे महाराष्ट्रात कोणाला शिकवावे लागत नाही. ज्या कोणी आठ फारसी रंगांच्या जागी दहा अवतार बसवले त्याने नाण्यांच्या दोन गाद्यांवर विचारपूर्वकच हे दोन वारस नेमले असले पाहिजेत. या उपपत्तीला एक खिंडार आहे: सुर्ख उलटा आणि सफेद सुलटा असताना राम आणि कृष्ण दोघेही एकाच गटात आहेत. अवतारांचा क्रम ठरलेला, आणि सातवा व आठवा यांना परस्परांपासून तोडणे मांडणी करणाऱ्याला रुचले नसावे. त्याने वेळेचा मान राखला आणि मोजणीचा भेद सोडला, एवढेच स्पष्टीकरण तूर्त देता येते.