बँक व्यवस्थापनातील स्त्रिया, भारतातील

बँकांच्या अधिकारी, कार्यकारी व संचालक पदांवरील स्त्रियांचा प्रवेश, त्यांची बढती आणि तिच्या आड येणारे नियम यांचा आढावा. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांवर भर.

प्रवेश : १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखा झपाट्याने वाढल्या, भरती स्पर्धा परीक्षेतून होऊ लागली आणि वशिला नसलेल्या घरांतील मुलींना बँकेची दारे उघडली. परीक्षेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत मात्र गर्भारपण दीर्घकाळ आडवे येत राहिले. तीन महिन्यांहून अधिक गर्भवती उमेदवार ‘तात्पुरती अपात्र’ ठरेल, असे परिपत्रक स्टेट बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये काढले. तीव्र विरोधानंतर जानेवारी २०२२ मध्ये ते स्थगित झाले.

बढती व बदली : खरी गळती येथे होते. लिपिकाने अधिकारीपद स्वीकारले की बदली ठरलेली. पुढील श्रेणींसाठी ग्रामीण वा निमशहरी शाखेतील सेवाही मोजली जाते. नियम सर्वांना सारखा असला, तरी लहान मुले आणि आजारी सासू-सासरे यांची जबाबदारी सारखी वाटलेली नसते. म्हणून पात्र असूनही अनेक स्त्रिया बढती नाकारतात, आणि त्या नकाराची नोंद महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणून होते. हा अन्याय आहे. विवाहित स्त्रियांना पतीच्या, अविवाहितांना आईवडिलांच्या गावाजवळ नेमणूक देण्याचा शक्यतो प्रयत्न व्हावा, अशी सूचना अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्ये दिली. अपत्यसंगोपन वा वृद्धांच्या शुश्रूषेसाठी दोन वर्षांपर्यंतची रजा स्टेट बँकेत अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांच्या काळात सुरू झाली.

उच्चपदे : तर्जनी वकील १९९३ मध्ये एक्झिम बँकेच्या प्रमुख झाल्या. रंजना कुमार यांच्याकडे २००० मध्ये तोट्यात रुतलेली इंडियन बँक सोपवली गेली. त्यांनी ती सावरली. राष्ट्रीयीकृत बँकेच्या अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या स्त्री डेप्युटी गव्हर्नर के. जे. उदेशी (२००३). स्टेट बँकेची परंपरा १८०६ पासूनची. अरुंधती भट्टाचार्य यांच्या रूपाने तिला पहिली स्त्री अध्यक्ष २०१३ मध्ये मिळाली. प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून १९७७ मध्ये रुजू झालेल्या भट्टाचार्य २०१७ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर आलेले तिन्ही अध्यक्ष पुरुष.

भारतीय महिला बँक : २०१३ च्या अर्थसंकल्पात घोषित, भांडवल १,००० कोटी रुपये. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईत उद्घाटन. पहिल्या प्रमुख उषा अनंतसुब्रमण्यन. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन.

खासगी बँका : २००९ मध्ये चंदा कोचर (आयसीआयसीआय) व शिखा शर्मा (अ‍ॅक्सिस) प्रमुखपदी आल्या.

सहकारी बँका : म्हसवड (जि. सातारा) येथील माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज, प्रवर्तक स्त्रियांपैकी काही निरक्षर असल्याने, रिझर्व्ह बँकेने फेटाळला. या स्त्रिया साक्षरता वर्गाला बसल्या, बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांच्यासह रिझर्व्ह बँकेकडे पुन्हा गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवण्याची तयारी त्यांनी दाखवली. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. व्यवस्थापनाची पात्रता कशी मोजावी, या प्रश्नात या घटनेला मोठे स्थान द्यावयास हवे.

संचालक मंडळे : कंपनी अधिनियम, २०१३, कलम १४९ नुसार सूचिबद्ध कंपन्यांत (सूचिबद्ध खासगी बँकाही त्यांत येतात) किमान एक स्त्री संचालक बंधनकारक. काही कंपन्यांनी प्रवर्तकांच्या नातलग स्त्रिया नेमून ती जागा भरली. पुढे भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने नेमलेल्या कोटक समितीच्या शिफारशीवरून, बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून व पहिल्या १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून एक स्वतंत्र स्त्री संचालक सक्तीची झाली.